मापाडी कोण?

ती. आबा व ती. सौ. आई यांस, मुक्काम हदगाव, जिल्हा नांदेड, डॅलस येथील कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ब्रॉडबँड पुरवणारी कंपनी ग्राहकाच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीचा जो हिशेब ठेवते, त्यास डेटा-मीटर म्हणतात. मात्र विजेचे मीटर जसे घराच्या भिंतीवर असते तसे हे नसून कंपनीच्या दूरच्या केंद्रातील संगणकात असल्यामुळे, ग्राहकास प्रत्यक्ष मोजणी कधीच पाहता येत नाही, केवळ कंपनी जाहीर करील तो आकडा वाचता येतो. आबांनी मागील रविवारच्या संभाषणात ‘अमेरिकेत राहून डाटा संपतोच कसा, अन् संपला तर गेला कुठं?’ असा जो प्रश्न केला, त्याचे उत्तर जोडणी तुटल्यामुळे अर्धवट राहिले होते. सबब ते येथे सविस्तर दिले असून त्यात लांबण लागली असल्यास तो दोष विषयाचा समजावा.

अमेरिकेत घरगुती इंटरनेटवर मासिक मर्यादा घालण्याची रीत रुळली ती प्रामुख्याने कॉमकास्ट या कंपनीने 1 ऑक्टोबर 2008 पासून महिन्याला 250 जीबीची मर्यादा लागू केल्यानंतर. ही मर्यादा पुढे 2016 मध्ये 1 टीबी आणि 2020 मध्ये 1.2 टीबी झाली व तिच्या पलीकडील प्रत्येक 50 जीबीस 10 डॉलर असा दर राहिला. एक जीबी म्हणजे साधारण शंभर कोटी बाइट, बाइट म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एका रोमन अक्षराएवढी जागा, आणि हजार जीबींचा एक टीबी. अशी मर्यादा जेथे आहे तेथे मापाचा प्रश्न हा थेट पैशाचा प्रश्न होतो, आणि मापाचा प्रश्न हदगावच्या बाजार समितीच्या आवारात आयुष्य गेलेल्या आबांना समजावून सांगण्याची गरज नसली, तरी या मालाचे माप थोडे वेगळे असल्यामुळे ते क्रमाने मांडणे इष्ट होय.

पहिली अडचण एककाची आहे. कंपनी जीबी मोजताना नेमके 1,00,00,00,000 बाइट धरते, तर कित्येक संगणक आणि राउटर (घरातील सर्व फोनांना इंटरनेट वाटून देणारी पेटी) दोनाच्या घातांत चालत असल्यामुळे त्याच नावाखाली 1,07,37,41,824 बाइट धरतात, म्हणजे दोन मापांत सात टक्क्यांहून अधिक फरक पडतो. आबांच्या लहानपणी कच्चा शेर आणि पक्का शेर यांत जो घोळ होता, तोच हा; आणि 1998 साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने मोठ्या मापास ‘गिबिबाइट’ असे निराळे नाव देऊनही बाजाराने ते मनावर घेतलेले नाही. परिणामी घरचा राउटर 1,117 सांगत असता कंपनीचे मीटर 1,200 सांगते आणि दोघेही खरेच बोलत असतात.

दुसरी अडचण बारदानाची. इंटरनेटवरील माहिती सलग वाहत नसून छोट्या-छोट्या पाकिटांतून जाते, ज्यांचा कमाल आकार सामान्यतः 1,500 बाइट असतो आणि ज्यांपैकी साधारण 40 बाइट पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक इत्यादींत खर्च होतात. सोयाबीनचे पोते काट्यावर चढवल्यावर बारदानाचे वजन वजा करण्याची रीत आहे. येथे मात्र पोते बारदानासकट मोजले जाते, आणि वाटेत सांडलेले पाकीट दुसऱ्यांदा पाठवावे लागल्यास तेही मोजले जाण्याची शक्यता राहते. भरलेल्या पाकिटात हा बोजा तीन टक्क्यांच्या आत असला, तरी आवाजाची पाकिटे फारच लहान असल्यामुळे त्यांत पत्त्याचे प्रमाण मालाच्या निम्म्यापर्यंत सहज जाते. म्हणजेच ‘हॅलो, ऐकू येतंय का’ या वाक्यात, जे हदगाव-डॅलस संभाषणाचा मोठा भाग व्यापते, सोयाबीनसोबत बारदानही भरपूर असते.

याच ठिकाणी व्हिडिओ कॉलचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. चित्रासहित संभाषणास चित्राच्या स्पष्टतेनुसार तासाला एखाद-दोन जीबी लागू शकतो, आणि चित्रात काय आहे याच्याशी मीटरला काहीही कर्तव्य नसते. ती. आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून भाकरी थापण्यास जातात व पुढील तासभर डॅलसच्या पडद्यावर स्वयंपाकघरातील छताचा पंखा आणि त्याच्या मागची कोळिष्टके दिसत राहतात. या पंख्याचा गेल्या वर्षभरातील एकूण वापर हा नातवंडांनी पाहिलेल्या सर्व चित्रफितींशी स्पर्धा करणारा ठरावा, असा या कुटुंबाचा कयास आहे. तथापि तो पंखा खरोखरच पाहिला गेला असल्यामुळे त्याविषयी कंपनीस दोष देता येत नाही. (पंखा चालू असल्यास चित्र सतत बदलते आणि डेटा अधिक लागतो, ही गोष्ट मात्र आईंच्या कानी घालण्याजोगी आहे.)

दोष देण्यास जागा आहे ती दिवाळीच्या सुट्टीतील नोंदीत. सर्व कुटुंब हदगावी असताना आणि डॅलसच्या घरास कुलूप असताना मीटरने जो वापर नोंदवला, तो घरी माणसे असतानाच्या वापराहून फारसा कमी नव्हता. आबांनी त्यावर ‘भूतं नेट पाहू लागली का काय तिथं?’ अशी शंका काढली होती. तिच्या निरसनार्थ येथे काही खुलासे देता येतात. मोडेम, म्हणजे तारेतील संकेत संगणकास समजतील असे करणारे यंत्र, चालू ठेवले असल्यास कुणीही न मागवलेली पाकिटे त्यावर येऊन आदळत राहतात, कारण जगातील असंख्य यंत्रे इंटरनेटवरील पत्ते ओळीने ठोठावून पाहत असतात; पण हा भार किरकोळ असतो. अंगणातील तुळशीवर लक्ष ठेवण्यासाठी नातवाने लावलेला कॅमेरा अहोरात्र चित्रे पाठवत होता, हे मान्य करावे लागते, कारण मर्यादेत केवळ आलेला नव्हे तर गेलेला डेटाही धरला जातो. परंतु राउटरच्या स्वतःच्या नोंदीत तुळशीसहित जो वापर होता, त्याच्या कितीतरी पट कंपनीचा आकडा होता, आणि ही तफावत कच्च्या-पक्क्या शेराने किंवा बारदानाने भरून निघणारी नव्हती.

एक संभाव्य कारण ओळखक्रमांकाचे आहे. प्रत्येक मोडेमला बारा अंक-अक्षरांचा एक कायम क्रमांक असतो आणि त्यावरूनच कोणाचा वापर कोणाच्या खाती मांडायचा हे ठरते. तो नोंदवताना एक अक्षर जरी चुकले, तरी शेजाऱ्याने पाहिलेला क्रिकेट सामना आपल्या खाती जमा होऊ शकतो. दुसरे कारण घड्याळाचे. महिन्याचा शेवट जागतिक प्रमाणवेळेनुसार धरला, तर उन्हाळ्यात डॅलसमध्ये तो संध्याकाळी सात वाजताच होतो, जेव्हा हदगावात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि आबा फोन लावतात. मग तो कॉल डॅलसच्या दृष्टीने या महिन्यात आणि मीटरच्या दृष्टीने पुढच्या महिन्यात होतो. तिसऱ्या प्रकारचा दोष जुन्या यंत्रांतील आहे: त्यांतील गणक 4,29,49,67,296 बाइटपर्यंतच मोजून पुन्हा शून्यावर येतो आणि सेकंदाला 100 मेगाबिटच्या वेगाने हा फेरा सहा मिनिटांच्या आत पूर्ण होतो, त्यामुळे नोंद घेण्यास उशीर झाल्यास अख्खे फेरे हिशेबातून गळतात. हा दोष ग्राहकाच्या लाभाचा असल्यामुळे मोठ्या गणकांची सोय करण्यात कुणी आळस केला नसावा, असे म्हणण्याचा मोह होतो.

या सर्वांहून महत्त्वाचा मुद्दा आबांच्या धंद्यातला आहे. बाजार समितीत माल विकणारा एक, घेणारा दुसरा आणि तोलणारा मापाडी तिसरा असतो. मापाड्यास समितीचा परवाना लागतो, आणि काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का नसेल तर तो काटा वापरणे हा गुन्हा ठरतो. डॅलसमध्येही पेट्रोल पंपावर तेल मोजण्याची तपासणी टेक्सास राज्याचे खाते करते आणि मोजमापांच्या राष्ट्रीय संस्थेच्या ‘हँडबुक 44’ या नियमपुस्तकात तराजूपासून टॅक्सीच्या मीटरपर्यंत सर्वांचे नियम आहेत; ब्रॉडबँडच्या मीटरचे मात्र नाहीत. कॉमकास्टने आपल्या मीटरची तपासणी नेटफोरकास्ट या बाहेरच्या संस्थेकडून करवून घेतली, पण ती संस्था कंपनीनेच नेमलेली होती. एप्रिल 2024 पासून मोठ्या कंपन्यांना दर, वेग, मासिक डेटा आणि जादा आकार दाखवणारे फलक लावणे संघीय संचार आयोगाने बंधनकारक केले, ही चांगली गोष्ट आहे. तो फलक माल किती ते सांगतो, काटा कोणाचा ते सांगत नाही. या बाबतीत भारत काही पावले पुढे आहे असे लिहिताना परदेशस्थ कुटुंबास थोडे अवघडल्यासारखे होते, पण दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मोजणी व बिलाच्या अचूकतेची आचारसंहिता 2006 मध्ये केली, 2023 मध्ये ती नव्याने आणली, आणि तीत कंपन्यांच्या मोजणीचे लेखापरीक्षण सांगितलेले आहे.

दिवाळीच्या नोंदीवरून कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहाराचा निष्कर्ष थोडक्यात असा की, मीटर बरोबर आहे, कारण तसे मीटर दाखवते. वायफायचा पासवर्ड बदलावा. आणि आकारलेली जादा रक्कम चूक मान्य न करता केवळ सौजन्य म्हणून परत करण्यात येत आहे. रक्कम आली. पुढील महिन्यात मीटरने पुन्हा तोच प्रकार केला असता सौजन्य संपल्याचे कळवण्यात आले, म्हणून राउटरची रोजची नोंद जपून ठेवण्याचे काम नातीकडे सोपवले असून तिने त्या वहीवर ‘आबांचा काटा’ असे नाव घातले आहे.

आबांच्या फोनवर रोजच्या कोट्यापैकी निम्मा डेटा संपल्याचा संदेश आल्यास घाबरू नये, आणि उरलेला वाया जाऊ नये म्हणून रात्री अकरा ते बारा कीर्तने लावून झोपी जाऊ नये. कीर्तन थांबत नाही, कोटा मात्र बारा वाजता नवा सुरू होतो आणि पहाटेच्या कॉलसाठी काही उरत नाही. यंदाची हळद तयार झाली असल्यास येणाऱ्यासोबत किलोभर पाठवावी. आईंनी फोन डब्याऐवजी पाटाला टेकवावा, म्हणजे भाकरी दिसेल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपले आज्ञाधारक,
डॅलस येथील कुटुंब