गाय वजा जाता

बदामाचं, ओटचं किंवा सोयाचं दूध आणायला निघालेल्या ग्राहकाने आधी पोटभर जेवून घ्यावं. उपाशीपोटी माणसाला खोक्यावरची चित्रं खरी वाटतात.

दुकानात गेल्यावर ‘बदाम दूध द्या’ असं म्हणू नये. दुकानदार फ्रीज उघडून केशर-वेलची घातलेली बाटली हातात देईल, तिच्यात दूध गायीचंच असेल आणि चूक तुमची असेल. मराठीत बदाम दूध म्हणजे दुधात बदाम. बदामातूनच दूध काढायचं, ही भानगड नवी. बरं, खोक्यावर ‘दूध’ असं शोधायला जाल तर तेही मिळायचं नाही. ‘आल्मंड ड्रिंक’, ‘ओट बेव्हरेज’ असली नावं दिसतील. झाडापासून केलेल्या पेयांना दूध म्हणून विकू नका, असं एफएसएसएआयने २०२१ साली ऑनलाइन दुकानांना बजावलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ सालीच तसा निकाल दिला होता. दोन्हीकडे नारळाचं दूध मात्र सुटलं. मराठीला कोणी विचारलंच नाही. आमच्याकडे ज्वारीचं कणीस दुधात येतं तेव्हा शेतात म्हैस लागत नाही. आणि चीक खरवसाचा असतो, कुरडयांच्या गव्हाचा असतो, रुईचाही असतो. (हे वाचून कोणी रुईच्या चिकाचा खरवस करायला बसू नये. तो विषारी असतो.)

नाव कळलं की खोका उलटा करावा. पुढची बाजू आपल्याला खूश करायला छापलेली असते, मागची कायद्याच्या धाकाने. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिला नंबर पाण्याचा. इथे दचकायचं कारण नाही. गवळ्याच्या बाबतीत हे आपण पिढ्यानपिढ्या धरूनच चाललो होतो, फक्त तो लिहून देत नव्हता. पाण्यानंतर टक्केवारी पाहावी. आमची लेक व्हीगन झाल्यावर घरात जो पहिला खोका आला, त्यावर बदाम ३ टक्के होते. म्हणजे लिटरला ३० ग्रॅम, मोजून पंचवीसेक बदाम. सासूबाईंनी घोटभर चाखून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, हे बदाम भिजवलेलं पाणी आहे. बदाम कुणी खाल्ले?”

या प्रश्नाचं उत्तर प्रथिनांच्या रकान्यात मिळतं. गायीच्या १०० मिली दुधात साधारण सव्वातीन ग्रॅम, सोयाच्या दुधात जवळपास तेवढीच. ओटच्या एक ग्रॅमच्या आसपास, बदामाच्या अर्ध्या ग्रॅमच्या आगेमागे, तांदळाच्या त्याहून कमी. थोडक्यात, गायीच्या बरोबरीने पाटावर बसायचा मान एकट्या सोयाला. लातूर-विदर्भात पोत्यांनी पिकणारं हे धान्य शहरातल्या स्वयंपाकघरात नाकं मुरडून घेतं, ते वासामुळे. दाणा दळताना त्यातलं एक विकर तेलावर काम करतं आणि कच्च्या शेंगेचा दर्प सुटतो. उकळत्या पाण्यात दळलं तर बराच कमी होतो.

‘ओरिजिनल’ या शब्दापासून सावध राहावं. मूळचं, साधं, असा त्याचा अर्थ आपण लावतो, पण पुष्कळदा त्यात साखर घातलेली असते. बिनसाखरेचं हवं असेल तर ‘अनस्वीटन्ड’ शोधावं. आयएनएस ४१८ वगैरे आकडे पाहून मात्र घाबरू नये. ४१८ म्हणजे जेलन गम, पाणी आणि बदामाने आपापल्या वाटेने जाऊ नये म्हणून. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, तेव्हा खोका हलवावा. न हलवता पिणाऱ्याचं कॅल्शियम खोक्याबरोबर कचऱ्यात जातं.

किमतीचं रडगाणं थोडं कमी झालंय. २२ सप्टेंबर २०२५पासून या पेयांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ झाला, सोयाचा १२वरून ५.

आता खरी कसोटी, चहाची. लेकीच्या आग्रहाखातर मी एकदा पाहुण्यांना बदामाच्या दुधाचा चहा केला. नेहमीसारखं आलं ठेचलं, पावडर घातली, उकळी आली तसं थंडगार दूध वरून ओतलं. क्षणभर रंग सुरेख आला. मग कपात पांढरे कण तरंगायला लागले, बारीक, ताकातल्या लोण्यासारखे. पाहुणे तो बशीत ओतून, फुंकर मारून, कण काठावर सारून प्यायले. “वेगळा आहे हो चहा,” म्हणाले. दुसरा कप कोणी घेतला नाही. तेव्हा कृती अशी: कोरा चहा गाळून दोन मिनिटं निवू द्यावा, दूध वेगळं कोमट करावं आणि दुधात चहा हळूहळू ओतावा. किंवा ‘बरिस्ता’ लिहिलेला खोका आणावा. हा शब्द मिरवायला छापलाय असं मलाही वाटायचं, पण त्यात बहुधा आम्लता सांभाळणारं फॉस्फेट आणि जरा जास्त स्निग्धांश असतो, म्हणून ते सहसा फाटत नाही.

विरजण लावायचं तर सोयालाच लावावं. मी तांदळाच्या दुधाला लावून रात्रभर वाट पाहिली. सकाळी वास दह्याचा होता, बाकी सगळं पाणी होतं.

उपासाला बदाम, नारळ, शेंगदाणा चालतात. ओट आणि सोया चालत नाहीत. हे खोक्यावर कुठेही छापलेलं नसतं. कोकणातल्या माणसाने तर हे मार्गदर्शन वाचण्याची तसदी घेऊ नये. नारळ खवून, वाटून, पिळून पहिलं दूध रस-शिरवाळ्यांना आणि दुसरं सोलकढीला, एवढी पदवी त्याला घरातच मिळालेली असते.

राहता राहिलं ओट. हे आमच्या घरी सर्वांत लवकर रुळलं, आणि तेही सासूबाईंमुळे. त्यांना मधुमेह आहे. वीस वर्षं बिनसाखरेच्या चहाच्या नावाने खडे फोडणाऱ्या सासूबाई एक दिवस कप खाली ठेवून म्हणाल्या, “आज चहा चांगला झालाय.” दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा कप मागितला तेव्हा मी खोका उलटा केला. ओट नुसते पाण्यात वाटून उकळले तर आंबिलीसारखी खळ होते. म्हणून त्यातला स्टार्च विकरांनी तोडतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या रिकार्ड ओस्ते यांनी नव्वदच्या दशकात ही युक्ती बसवली. स्टार्च तुटला की त्याची माल्टोज साखर होते. गोडी कोणी घालत नाही, ती तिथेच तयार होते.

हे सगळं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. खोक्याकडे कधी ढुंकूनही न पाहणाऱ्या सासूबाईंनी चष्मा लावला, खोका हातात घेतला आणि पुढच्या बाजूवरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“साखर घातलेली नाही, असं लिहिलंय की नाही इथे? मग ओत.”