स्वहस्ते गृहनिर्माण : हिल्सबरोनिवासी मराठी गृहस्थांकरिता काही सूचना

गृहनिर्माणाविषयी मराठी मनुष्याची पिढीजात समजूत अशी आहे की, सकाळचा चहा आटोपल्यावर छत्री काखोटीला मारून जागेवर जावे, मिस्त्रीला चार शब्द सुनवावेत, विटांचा ढीग पायाने चाचपून ‘ह्या कुठून आणल्यात?’ असे दरडावून विचारावे, सिमेंटच्या पोत्यांची मोजदाद करावी आणि जेवणाच्या वेळेला घरी परतावे, की घर आपोआप उभे राहते. देखरेखीच्या ह्या कलेत आपल्या समाजाने जे प्रावीण्य संपादन केले आहे, त्याला न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात मानुकाऊच्या खाडीवर कललेल्या हिल्सबरो ह्या उपनगरात काडीइतकेही मोल नाही. कारण ज्याच्यावर देखरेख करावयाची तो मिस्त्री, त्याच्या हाताखालचा बिगारी, सुतार, रंगारी आणि संध्याकाळी राडारोडा झाडून काढणारी बाई ही सर्व पदे तेथे एकाच इसमाकडे असतात, आणि तो इसम म्हणजे बँकेचे कर्ज डोक्यावर घेतलेला मालक स्वतः होय. अशा मालकाच्या उपयोगी पडाव्यात म्हणून पुढील सूचना लिहीत आहे.

पहिली सूचना अशी की, हातोडी विकत घेण्यापूर्वी हिल्सबरो रस्त्यावरच्या माँटे सेसिलिया उद्यानात जाऊन ‘पाह होमस्टेड’ नावाचा वाडा पाहून यावा. जेम्स विल्यमसन नामक धनाढ्य व्यापाऱ्याने १८७७ ते १८७९ ह्या काळात इटालियन धाटणीचा हा मनोऱ्याचा वाडा मोठ्या हौसेने उभारला. पुढे व्यापाराला ओहोटी लागली, १८८८ साली तो निवर्तला आणि वाडा परक्यांच्या हाती गेला. नंतर दीर्घकाळ तेथे जोगिणींचा मठ होता, आणि २०१० पासून चित्रशिल्पांचे दालन आहे. ऐपतीच्या बाहेर बांधकाम केल्यास अखेरीस त्याचा उपभोग कलारसिक घेतात, ही गोष्ट तेथील व्हरांड्यात कॉफी घेत असताना जितकी स्वच्छ उमगते तितकी ती बँकेच्या अधिकाऱ्यासमोर बसून उमगत नाही.

जागा निवडताना प्रथम दिशा पाहावी असे शास्त्र सांगते, आणि येथेच शास्त्राची पंचाईत होते. वराहमिहिराने बृहत्संहितेत वास्तुविद्येवर अध्याय लिहिला तो उज्जयिनीच्या आकाशाखाली, जेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ वर्षभर दक्षिणेला कललेला असतो; हिल्सबरो विषुववृत्ताच्या खाली सुमारे ३७ अंशांवर असल्यामुळे तेथे सूर्य पूर्वेला उगवतो खरा, पण उत्तरेकडून वळसा घालून पश्चिमेला जातो, आणि दक्षिणेच्या खिडकीला सबंध हिवाळाभर त्याचे दर्शन घडत नाही. त्यात ह्या उपनगराची बरीचशी जमीन उतरते ती दक्षिणेकडे, समुद्र दिसतो तो दक्षिणेकडे, आणि ज्या दर्शनापायी जमिनीचा भाव चढतो तेही दक्षिणेचेच. म्हणजे देखावा यमाच्या दिशेला आणि ऊन कुबेराच्या, अशी वाटणी निसर्गाने करून ठेवली आहे. अशा स्थितीत बसण्याउठण्याच्या खोल्या उत्तरेला घ्याव्यात, दक्षिणेची खिडकी दुहेरी काचेची ठेवून समुद्र बेताबेताने पाहावा, आणि घराचे तोंड दक्षिणेला का असे पुण्याहून फोनवर कोणी विचारल्यास ‘येथे सगळे उलटे असते’ एवढेच सांगून विषय बदलावा. देवघर ईशान्येला असावे हा नियम मात्र तेथेही हितावह ठरतो, कारण सकाळचे कोवळे ऊन नेमके त्याच कोपऱ्यात येते. आग्नेयेला स्वयंपाकघर घेणाऱ्यास मात्र जुलै महिन्यात कणीक मळताना हातमोजे घालावेसे वाटतील. नैऋत्य ही निर्ऋतीची दिशा म्हणून आपल्या पूर्वजांनी अशुभ मानली होती. मानुकाऊवरून येणारा बोचरा, पावसाळी वारा नेमका त्याच दिशेने येतो, तेव्हा ह्या एका बाबतीत शास्त्र दोन्ही गोलार्धांत प्रमाण मानावे.

पावसाविषयी थोडे सविस्तर सांगणे प्राप्त आहे, कारण तेथले घर विटांवर किंवा लाकडावर उभे नसून पाण्याशी केलेल्या तहावर उभे असते. ऑकलंडात वर्षाकाठी सुमारे ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या निम्माच, हे ऐकून मुंबईकर गृहस्थ मिशीत हसतो. परंतु मुंबईचा पाऊस चार महिने धिंगाणा घालून निघून जातो, आणि भिंतींना वाळायला आठ महिने मिळतात, तर ऑकलंडचा पाऊस बाराही महिने जाऊन-येऊन असतो आणि भिंत वाळली असे कधी म्हणता येत नाही. ही साधी गोष्ट विसरल्याची किंमत त्या देशाने मोजली आहे. १९९० नंतरच्या दशकात भूमध्य समुद्राकाठच्या घरांची नक्कल करण्याची टूम निघाली. छपराला वळचण ठेवणे गावंढळ ठरले, भिंतींना गिलाव्याचे सलग गुळगुळीत आवरण आले, आणि १९९८ च्या सुमारास आतल्या सांगाड्यासाठी औषधप्रक्रिया न केलेले पाइनचे लाकूड वापरण्यासही मुभा मिळाली. पाणी आत शिरले, त्याला बाहेर पडण्यास वाट राहिली नाही, आणि हजारो नवी घरे आतल्या आत कुजली. २००९ सालच्या एका अधिकृत अंदाजाप्रमाणे ह्या प्रकरणाचा खर्च ११.३ अब्ज डॉलर होता. रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही वृद्धास विचारले असते तर त्याने पडवीत बसल्याबसल्या पागोळ्यांकडे बोट दाखवून एका पैशाचाही मोबदला न घेता सांगितले असते की, छप्पर भिंतीच्या पुढे दोन हात आले नाही तर भिंत उरत नाही; पण त्याला कोणी विचारले नाही. तेव्हा वळचण रुंद ठेवावी, आणि वास्तुरचनाकाराने ती ‘आधुनिक दिसत नाही’ असे म्हटल्यास त्याला मृगाच्या पावसात कोकण दाखवून आणावे.

लाकडाचीही तेथे श्रेणी लावलेली असते. आतल्या सांगाड्याला एच १.२, उघड्यावरच्या गच्चीला, जिला तेथे ‘डेक’ म्हणतात, एच ३.२, कुंपणाच्या जमिनीत गाडलेल्या खांबाला एच ४ आणि घराच्या पायाच्या खुंटांना एच ५, अशी ही चढती भाजणी आहे; जमिनीच्या जितके जवळ तितके औषध अधिक. दुकानात फळीच्या टोकाला हा शिक्का मारलेला असतो, तो वाचावा. शिक्का न वाचता केवळ रंगावरून लाकूड पारखणारा मनुष्य आंबे पारखण्यात कितीही वाकबगार असला तरी येथे फसतो.

आता दफ्तराकडे वळू. २००४ च्या बिल्डिंग ॲक्टान्वये कौन्सिलने परवानगीच्या अर्जाचा निकाल कामकाजाच्या २० दिवसांत द्यावा असा दंडक आहे, आणि तो सहसा पाळला जातो. फक्त अधिक माहिती मागविली की घड्याळ थांबते, आणि उत्तर पोहोचल्यावर पुन्हा चालू लागते. भारतातील कचेऱ्यांत वर्षे गेली तरी घड्याळ चालूच राहते व काम थांबते. तेथे काम थांबले की घड्याळही शिष्टाचार म्हणून थांबते, एवढाच काय तो संस्कृतीतील फरक. परवानगी हाती आल्यावर बारा महिन्यांत काम सुरू न केल्यास ती रद्दबातल होते, म्हणून निदान एक खड्डा तरी वेळेवर खणावा. काही गोष्टींना मुळी परवानगीच लागत नाही: अडीच मीटरपर्यंतचे कुंपण, वरून भार येत नसेल तर दीड मीटरपर्यंतची माती अडविणारी भिंत, आणि जिच्यावरून कोणी पडल्यास दीड मीटरहून अधिक खाली पडणार नाही अशी डेक. हिल्सबरोच्या उतारावर मात्र घराच्या दाराशी फूटभर उंचीवर सुरू झालेली डेक चार पावले पुढे जाताच पुरुषभर उंच होते, आणि अंगण वाकडे असल्याची तक्रार येथे नाचता न येणाऱ्यानेही खुशाल करावी, ती खरी असते. परवानगीची गरज नसली तरी बांधकामाची नियमसंहिता लागू असतेच, हे मोफत मिळालेल्या सवलतीच्या आनंदात विसरू नये.

घराचा सांगाडा, छप्पर, पाया ही महत्त्वाची कामे २०१२ पासून परवानाधारक कारागिरांसाठी राखून ठेवलेली आहेत. परंतु स्वतःच्या राहत्या घराचे काम स्वतः करू इच्छिणाऱ्या मालकास त्यातून सूट आहे, अट एवढीच की त्याने मागील तीन वर्षांत अशीच सूट दुसऱ्या घरासाठी घेतलेली नसावी, आणि तसे प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे. मदतीला मित्र व आप्त चालतात, मात्र त्यांना मोबदला देता कामा नये, असे कायदा स्पष्ट म्हणतो. जगातील कोणत्याही कायदेमंडळाने मराठी माणसाच्या मनातील गोष्ट इतक्या नेमकेपणाने ओळखल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. गणेशोत्सवात ज्यांच्याशी ओळख झाली त्यांना शनिवारी सकाळी मिसळीला बोलवावे. मिसळ संपत आली की तुळईचे एक टोक धरण्यास सांगावे. विजेच्या बाबतीतही सरकारने मालकाच्या अकलेवर थोडाफार विश्वास टाकला आहे: काही मर्यादित जोडणी तो करू शकतो, फक्त प्रवाह सोडण्यापूर्वी ती तपासनिसाकडून पारखून घ्यावी लागते. सांडपाण्याच्या नळाच्या बाबतीत मात्र सरकारने हा विश्वास मुळीच टाकलेला नाही, आणि आपल्या मित्रमंडळींकडे पाहता ते योग्यच वाटते.

आतल्या भिंती ‘गिब’ नावाच्या कागदी अस्तराच्या जिप्समच्या तक्त्यांनी मढवितात. तक्ते ठोकणे हे बळाचे काम असून ते कोणालाही जमते. खरी परीक्षा त्यांमधले सांधे बुजविण्यात असते. सांध्यावर प्रथम पातळ लेप देऊन त्यात कागदी पट्टी दाबून बसवावी, ती पूर्ण वाळू द्यावी, मग रुंद पात्याने त्याहून रुंद असा दुसरा लेप, आणि तो वाळल्यावर आणखी रुंद असा तिसरा लेप, धिरड्याचे पीठ तव्यावर पसरावे तितक्या हलक्या हाताने फिरवावा. मग घासकागद घ्यावा, तोंडाला फडके बांधावे, आणि अंधार पडल्यावर विजेरी भिंतीला अगदी चिकटवून तिरपी धरावी, म्हणजे दिवसा सपाट भासलेल्या भिंतीवर सह्याद्रीच्या सर्व रांगा दृग्गोचर होतात. ह्याच प्रसंगी, सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी नाशिकहून आलेले वडील खुर्ची ओढून मागे बसलेले असतात, आणि ‘ह्यापेक्षा आमचा गवंडी बरा होता’ असे उद्गार त्यांच्या तोंडून निघतात. ह्यावर वाद घालू नये. देखरेखीची कला अजून जिवंत असल्याचे ते एकमेव चिन्ह असते, आणि तिचा मोबदलाही कायद्याला अनुसरून शून्य आहे.

जुने घर विकत घेऊन सुधारावयाचे असल्यास ते १९७८ पूर्वीचे आहे काय एवढे आधी पाहावे, कारण उष्णता राखणारे अस्तर त्याच साली नव्या घरांना सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या घरात थंडी बाहेरून येत नाही, ती आतच राहते. फळ्यांच्या जमिनीखाली पोटावर सरपटत जाऊन मातीवर प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा, म्हणजे ओल वर येत नाही; चंदेरी पत्र्यासारखे अस्तर मात्र ठोकू नये, विजेच्या तारेला खिळा लागून माणसे दगावल्यामुळे २०१६ पासून त्यावर बंदी आहे. जुन्या छताचा खडबडीत थर अथवा सिमेंटचे पत्रे खरवडण्यापूर्वी त्यांत ॲस्बेस्टॉस नाही ना, ह्याची प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यावी. ह्या विषयात विनोदाला जागा नाही.

आणि पन्हळी. २७ जानेवारी २०२३ रोजी खाडीच्या पलीकडच्या तीरावरील ऑकलंड विमानतळावर चोवीस तासांत २४० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. शहरभर दरडी कोसळल्या, आणि घरांच्या दारांवर लाल व पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या, लाल म्हणजे प्रवेश बंद. उतारावरच्या चिकणमातीत छपराचे पाणी कोठे जाते हे ठाऊक नसणे म्हणजे आपण कोठे राहतो हे ठाऊक नसणे होय. शिडी लावून पन्हळीतला पाला काढावा, आणि पाणी नळावाटे थेट गटारात जाते की शेजाऱ्याच्या भिंतीमागे मुरते, हे भर पावसात छत्री घेऊन उभे राहून पाहावे. छत्री काखोटीला मारण्याची आपली पूर्वपरंपरा येथे तरी उपयोगी पडते.

शेवटी वास्तुशांत. होम दिवाणखान्यात करू नये. छतावरचे धुराची वर्दी देणारे यंत्र पहिल्याच आहुतीला ओरडू लागते, आणि भटजींचे मंत्र व यंत्राचा आक्रोश ह्यांत देवांची दिशाभूल होण्याचा संभव असतो. यंत्र काढून ठेवण्याचा मोह आवरावा. गराजचे दार पूर्ण उघडावे, मोटार बाहेर रस्त्यावर लावावी आणि होमकुंड तेथे मांडावे. वारा मात्र नैऋत्येचा नाही ना, हे आदल्या रात्री पाहून ठेवावे. मुहूर्त कौन्सिलकडून बांधकामपूर्तीचा दाखला हाती आल्यानंतरचाच धरावा, आणि तो दाखला पत्रिकेसोबत कपाटात जपून ठेवावा, कारण पुढे घर विकावयाचे झाल्यास गिऱ्हाईक पत्रिका पाहत नाही, दाखला मागतो.