पंख तुझे, शेपूट माझं

जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान कोणी बांधलं, या प्रश्नाला ‘अभियंत्यांनी’ असं उत्तर देणाऱ्याला शून्य गुण. ते मंत्र्यांनी बांधलं. अभियंत्यांच्या वाट्याला फक्त जोडकाम आलं, आणि जोडायला गेले तर वायर तोकडी पडली.

विमान म्हणजे एअरबस ए 380. दुमजली, चार इंजिनांचं, 853 प्रवासी बसवण्याची परवानगी असलेलं. आणि एअरबस म्हणजे युरोपातलं नावाजलेलं एकत्र कुटुंब. 29 मे 1969 रोजी पॅरिसच्या विमान प्रदर्शनात फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीच्या मंत्र्यांनी पहिल्या विमानाच्या, म्हणजे ए 300 च्या, करारावर सह्या केल्या. कुठे बसून? तर त्याच विमानाच्या प्रतिकृतीत बसून. विमानाचा अजून पत्ता नव्हता. खुर्च्या होत्या, पेन होतं, फोटोवाले होते. ब्रिटन सरकार महिनाभर आधीच ‘यात काही दम नाही’ म्हणून बाहेर पडलं होतं. पंख बनवायचं काम मात्र तिथल्या कंपनीने हातचं जाऊ दिलं नाही. 1979 साली ब्रिटन 20 टक्के हिस्सा घेऊन परत आलं. 2006 साली तो हिस्सा विकून पुन्हा गेलं. 2020 साली तर युरोपीय संघालाच रामराम ठोकला. पंख अजूनही वेल्समधल्या ब्रॉटनलाच बनतात.

स्पेन 1971 साली आला. हिस्सा 4.2 टक्के, मान मात्र पुऱ्या भावाचा. शेपटीचा आडवा भाग त्याने पदरात पाडून घेतला. एवढ्या सगळ्यांची मिळून झालेली ही कंपनी कागदोपत्री कुठली? नेदरलँड्समधल्या लायडनची. चार भावांत पटत नसेल तर सातबारा पाचव्याच्या नावावर ठेवावा, हे शहाणपण आपल्या तलाठ्याला सुचलं असतं तर अर्धी दिवाणी न्यायालयं ओस पडली असती.

ए 380 चं काम 2000 सालच्या डिसेंबरात मंजूर झालं आणि वाटणीला रंग चढला. पुढचं आणि मागचं धड हँबुर्गला. मधलं धड आणि नाक फ्रान्समध्ये सँ-नाझेरला. पंख ब्रॉटनला. उभी शेपूट जर्मनीत श्टाडला, आडवी स्पेनला. हे सगळं जोडायचं फ्रान्समधल्या तुलूझला. जोडून झालं की विमानाने उडत पुन्हा हँबुर्गला जायचं, कारण रंग आणि आतल्या खुर्च्या जर्मनीच्या वाट्याला. मग युरोप आणि आखातातल्या गिऱ्हाइकांनी विमानाचा ताबा हँबुर्गला घ्यायचा, बाकीच्यांनी तुलूझला. चावी देतानाचा हार कोणी घालायचा, तेही ठरलेलं!

हँबुर्ग बंदर आहे, तुलूझ समुद्रापासून लांब आहे. मग एवढं अवजड धूड समुद्राकाठीच का जोडलं नाही, असा प्रश्न शाळेतल्या पोराला पडेल. ते पोर मंत्री होणार नाही.

तुलूझपर्यंतचा प्रवास पाहण्यासारखा होता. ब्रॉटनहून पंख डी नदीतून तराफ्यावर निघायचा, मोस्टिन बंदरात जहाजावर चढायचा आणि वळसा घालत बोर्दोजवळच्या पोयाकला पोहोचायचा. तिथे पुन्हा तराफा. गारोन नदीवर बोर्दोचा जुना दगडी पूल आहे. त्याच्या कमानीखालून जायचं तर भरती-ओहोटीची वेळ साधावी लागे. एकविसाव्या शतकातलं सर्वात आधुनिक विमान ओहोटीची वाट बघत पुलाशी थांबलेलं असे. लाँगोंला तुकडे जमिनीवर उतरत आणि पुढे सुमारे 240 किलोमीटर रस्त्याने, रात्री, वाहतूक बंद ठेवून निघत. धडाचे तीन तुकडे, दोन पंख आणि एक शेपूट अशी सहा ट्रेलरची मिरवणूक. वाटेत लेव्हिन्याक नावाचं लहानसं गाव लागतं. तिथल्या अरुंद गल्लीतून धड सरकत जाई ते माणसाच्या चालीने, दोन्हीकडच्या भिंती सांभाळत. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून हात काढला असता तर विमानाला लागला असता. गावकरी पोराबाळांसह बघायला उभे राहत. विमानाला इतक्या जवळून हात हलवण्याचं भाग्य मुंबईत कुर्ल्याच्या गच्च्यांनाही लाभलेलं नाही.

एवढ्या दिव्यातून तुकडे तुलूझला एकत्र आले आणि वायरिंगचा घोळ उघडा पडला. एका ए 380 मध्ये सुमारे 530 किलोमीटर वायर. मुंबईहून बेळगावला पोहोचून वर उरेल इतकी. हँबुर्गहून धडाचे भाग आले, त्यातल्या वायरी तुलूझच्या भागांशी जोडायला गेले, तर ठिकठिकाणी काही सेंटिमीटर कमी. कारण काय? तर आराखडे काढायचं सॉफ्टवेअर नावाने एकच होतं, कॅटिया. पण हँबुर्ग आणि स्पेनमध्ये त्याची चौथी आवृत्ती, तुलूझला पाचवी. वायर वळणावर किती लांबी खाते, याचा हिशेब दोन्हींचा वेगळा. मग जर्मनीतून शेकड्यांनी कामगार तुलूझला आले आणि हाताने वायरी ओढत बसले. जगातलं सर्वात मोठं प्रवासी विमान, आणि त्याचं घोडं अडलं वितीएवढ्या तारेपाशी. विमान सुमारे दोन वर्षं रखडलं. 2006 सालच्या जूनमध्ये उशिराची बातमी फुटली आणि एअरबसच्या पालक कंपनीचा शेअर एका दिवसात 26 टक्के आपटला. जुलैत दोन बडे साहेब घरी गेले. त्यांच्या जागी एअरबसच्या प्रमुखपदी आलेले साहेब सुमारे शंभर दिवस टिकले. आपल्याकडे एवढ्या दिवसांत पालकमंत्रीसुद्धा ठरत नाहीत.

साहेबांचं म्हणाल तर तिथेही समसमान. पालक कंपनीला दोन अध्यक्ष आणि दोन मुख्याधिकारी. एकेक फ्रेंच, एकेक जर्मन. निर्णय कोणाचा, हे कळायला दुभाषा लागे. शेवटी 2007 सालच्या जुलैत फ्रान्सचे सार्कोझी आणि जर्मनीच्या मर्केल तुलूझला भेटले आणि दोन-दोन साहेबांची पद्धत बंद झाली. कंपनीत साहेब एक असावा की दोन, हे ठरवायला दोन देशांचे सर्वोच्च नेते लागले. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत मुख्यमंत्री का उतरतात, असं विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

विमान मात्र उत्तम निघालं, हे कबूल करायला हवं. 2006 साली हँबुर्गला चाचणी झाली: अंधार, निम्मी दारं बंद, आत 873 माणसं. सगळी 78 सेकंदांत बाहेर! आपल्याकडे विमान टेकताच उठून, बॅग डोक्यावर घेऊन, मान वाकडी करून दहा मिनिटं रांगेत उभं राहणाऱ्या जनतेला ही चाचणी दाखवायला हवी. 2014 साली भारतानेही या विमानाला परवानगी दिली आणि ते मुंबईत उतरू लागलं. त्याच्याही आधी एका भारतीय मद्यसम्राटाच्या कंपनीने पाच ए 380 मागवले होते. विमानं आली नाहीत. विमानकंपनी गेली, पाठोपाठ सम्राटही गेले.

पण चार इंजिनं इंधन पितात, आणि 500 सीट रोज भरायला 500 माणसं लागतात. दोन इंजिनांची विमानं लांब पल्ला मारू लागली, त्यांत एअरबसचंच ए 350 होतं. 14 फेब्रुवारी 2019 रोजी, प्रेमिकांच्या दिवशी, कंपनीने या विमानाशी काडीमोड जाहीर केला. गिऱ्हाइकांच्या हाती पडली एकूण 251 विमानं; त्यांतली 123 एकट्या एमिरेट्सकडे. प्रवासी घेऊन पहिल्यांदा उडालेली दोन तर दहा वर्षांतच भाडेकरारावरून परत आली आणि तार्बला भंगारात निघाली. तार्ब तुलूझहून सुमारे दीडशे किलोमीटर. एवढा एकच प्रवास वाटणीत न अडकता सरळ झाला.

आता या वाटणीला पैसा कोणाचा? सरकारांचा. म्हणून अमेरिकेने 2004 साली जागतिक व्यापार संघटनेकडे धाव घेतली. युरोपने उलट दावा ठोकला की बोइंगलाही सरकारी खिरापत मिळतेच. पंधरा वर्षं घासल्यावर निकाल लागला: दोघेही दोषी. 2019 साली अमेरिकेला वर्षाला 7.5 अब्ज डॉलरच्या मालावर कर लावायची मुभा मिळाली. अमेरिकेने एअरबसच्या विमानांवर कर लावला 10 टक्के, आणि युरोपच्या चीजवर 25. त्यात इटलीचं पार्मेजानोही भरडलं गेलं. इटली एअरबसचा भागीदारसुद्धा नाही! पुढच्या वर्षी युरोपने बदला घेतला तो अमेरिकी ट्रॅक्टरवर आणि रताळ्यावर. विमानाच्या भांडणात रताळं सापडलं, त्याला विचारायला कोणीच गेलं नाही. 2021 सालच्या जूनमध्ये पाच वर्षांचा तह झाला, तेव्हा खटल्याला सतरा वर्षं उलटली होती आणि ज्या विमानावरून इतकं पेटलं, त्याचे शेवटचे काही नगच द्यायचे उरले होते.

दंडाचीही वाटणीच. विमानं खपवायला मध्यस्थांमार्फत लाच दिल्याच्या प्रकरणात 31 जानेवारी 2020 रोजी एअरबसने सुमारे 3.6 अब्ज युरोवर तडजोड केली. त्यांतले 2 अब्जांहून थोडे जास्त फ्रान्सला, 1 अब्जाच्या आसपास ब्रिटनला, उरलेले अमेरिकेला. पाप एकाचं, पुण्य तिघांच्या तिजोरीत.

आणि तरीही याच कुटुंबाच्या लहान चणीच्या पोराने घर तारलं. ए 320 साठी हीच वाटणी: पंख ब्रॉटनचे, धड हँबुर्ग आणि सँ-नाझेरचं. पुढे गिऱ्हाइकंही हिस्सा मागू लागली. चीनने तिआनजिनला जोडणी नेली, अमेरिकेने अलाबामातल्या मोबीलला. 2025 सालच्या ऑक्टोबरात या पोराने बोइंग 737 ला मागे टाकलं आणि जगात सर्वाधिक गिऱ्हाइकांच्या हाती पडलेलं जेट झालं. पुढच्याच महिन्यात सुमारे 6,000 विमानांच्या संगणकात बिघाडाची शक्यता निघाली; कारण सांगितलं, तीव्र सौर किरणोत्सर्ग. उपाय सांगितला, सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती परत टाका. दोष सूर्यावर गेला, ते बरं झालं. त्याचा कंपनीत हिस्सा नाही.

आपण या पोराचे सर्वांत लाडके मामा. इंडिगोने 2023 सालच्या जूनमध्ये एका दमात 500 मागवली. त्याआधी फेब्रुवारीत एअर इंडियाने एअरबसकडून 250 आणि बोइंगकडून 220 घेतली, तर मोदी, मॅक्रॉन, बायडेन आणि सुनक या चौघांनी पाठ थोपटली. अमेरिकेच्या 44 राज्यांत दहा लाखांहून जास्त रोजगारांना बळ मिळेल, असं बायडेन म्हणाले. खरेदी आपली, रोजगार त्यांचे, पेढे सगळ्यांनी वाटले. आपल्याकडे काय आलं? बंगळूर, हैदराबादकडे दारं आली. दारं महत्त्वाचीच, त्यांच्याशिवाय आत कसं जाणार?

महाराष्ट्राचा अनुभव तर वेगळाच. एअरबस आणि टाटांचा सी 295 हा लष्करी मालवाहू विमानांचा प्रकल्प: 56 विमानं, 21,935 कोटी रुपये, त्यांतली 40 भारतात बांधायची. 2022 सालच्या सप्टेंबरात आपल्या उद्योगमंत्र्यांनी सांगितलं, प्रकल्प नागपूरला मिहानमध्ये येतोय. ऑक्टोबरच्या 30 तारखेला पायाभरणी झाली, वडोदऱ्याला. मग प्रकल्प कोणाच्या काळात गेला, यावर दोन्ही बाजूंनी इतक्या पत्रकार परिषदा झाल्या की त्यांच्या खुर्च्या-मांडवाच्या उलाढालीत एखादा लघुउद्योग उभा राहिला असता. ‘तुमच्या काळात गेला’, ‘नाही, तुमच्या’. 2024 सालच्या ऑक्टोबरात वडोदऱ्याच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. आपला वाद तेव्हाही ताजाच होता.

विमान बांधायची अक्कल आपल्या मातीत नाही, असंही नाही. नाशिकजवळच्या ओझरला मिग बनले, सुखोई बनली, आता तेजस बनतंय. युरोपातली चार सरकारं अर्धशतकभर भांडतायत: पंख कोणाचे, शेपूट कोणाची, साहेब कोणाचा. पण भांडून झालं की प्रत्येक जण आपला तुकडा घेऊन तुलूझला येतो आणि विमान उडतं. त्यांनी विमान नसताना सह्या केल्या. आपण सही नसताना विमान उडवलं.

मंत्रिमहोदयांना, आजी आणि माजी दोघांनाही, हात जोडून विनंती: पुढचा प्रकल्प येईल तेव्हा आधी सही घ्या, मग माइक.