डेव्हिएशनवर पास

चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाने नटबोल्टाचं कुठलंही काम उघड्यावर करू नये. दुसऱ्या गावात कुणी पार्किंगमध्ये मोटरसायकल उघडून बसलं, तर येणारेजाणारे फार तर ‘फरशीला डाग पडतील हं’ एवढंच म्हणतील. आमच्याकडे तेवढ्यावर भागत नाही. एका बाजूला पिंपरीचं टेल्को, दुसऱ्या बाजूला आकुर्डीचं बजाज, आणि मधली सगळी वस्ती कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लावत मोठी झालेली. आमच्या सोसायटीतला निवृत्त माणूस म्हणजे निवृत्त फिटर, टर्नर, टूलरूमवाला, हीट ट्रीटमेंटवाला, नाहीतर क्वालिटीवाला. माणूस निवृत्त होतो, त्याचं डिपार्टमेंट होत नाही.

माझी गाडी केटीएम ३९०. नाव ऑस्ट्रियाचं, जन्म चाकणचा. तिची चेन ताणली होती. ताणली असं आपण म्हणतो. खरं तर लोखंड काही ताणलेलं नसतं. शंभरावर सांधे, प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश केसभर झिजतं, आणि त्या सगळ्या केसांची बेरीज मागच्या स्प्रॉकेटवर दिसते. चेन चिमटीत धरून मागे ओढली की खालचा दात उघडा पडतो. आमच्या घरखर्चाचंही असंच आहे. कुठे काही घेतलेलं नसतं आणि महिनाअखेरीला दात दिसतात.

गॅरेजवाला म्हणाला, “आणा की साहेब, ठोकून देतो.” स्प्लेंडरच्या चेनला क्लिपचं लॉक असतं, ते पक्कडीने निघतं आणि पक्कडीने बसतं. माझ्या चेनचं लॉक रिव्हेटचं. त्याच्या पिनांची टोकं पोकळ असतात. बाहेरची पट्टी दाबून बसवायची आणि मग ती टोकं फुलवायची. कमी फुलली तर पट्टी रस्त्यात सुटणार, जास्त फुलवली तर टोकाला चीर जाणार. सुटलेली चेन निमूट खाली पडत नाही. पुढच्या स्प्रॉकेटपाशी गुंडाळली गेली तर इंजिनाचं केसिंग फोडते, मागचं चाक जाम करते. हे हातोडीला कळत नाही. म्हणून मी रिव्हेटिंगचं टूल मागवलं.

“गॅरेजवाला या कामाचे किती घेतो?” बायकोने विचारलं. मी सांगितलं. “आणि हे केवढ्याला पडलं?” मी पॅडॉक स्टँड काढायला खाली गेलो.

रविवारी सकाळी ग्राइंडर सुरू केला. जुन्या चेनच्या पिनांची डोकी आधी घासून सपाट करायची, मगच त्या दाबून बाहेर काढायच्या. तशाच रेटल्या तर टूलचीच पिन वाकते. पहिली ठिणगी उडाली आणि जिन्यात चपलांचे आवाज सुरू झाले. भोंगा वाजल्यावर शिफ्ट आत यावी तसे सगळे आले. जुन्या चेनच्या टोकाला नवी बांधून मी ती पुढच्या स्प्रॉकेटवरून ओढून घेत होतो, तोवर खुर्च्याही आल्या होत्या.

“नंबर काय?” टूलरूमकाकांनी विचारलं.

“५२०.”

नवशिक्याला हा फ्लॅटचा नंबर वाटेल. पहिला ५ म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. उरलेले २० म्हणजे आतल्या दोन पट्ट्यांमधली रुंदी, तीही इंचाच्या ऐंशीव्या भागांत. वीस ऐंशांश, अर्थात पाव इंच. माणसाने इंचाचे ऐंशी भाग का करावेत हे मला आजवर उमगलेलं नाही, पण पावकी-निमकी पाठ केलेल्या त्या पिढीने गणित कॅल्क्युलेटरच्या आधी सोडवलं. मीही मग थोडी विद्वत्ता पाजळली. म्हटलं, ही रोलर चेन मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० साली काढली, इंच तिथूनच आले.

“१८८०?” स्टोअर्सकाका म्हणाले. “म्हणजे स्टॉक जुना आहे.”

तेवढ्यात वॉचमनने ‘लॉकचं बंद तोंड पुढे पाहिजे’ असं सांगितलं आणि फिटरकाकांनी ‘मागे’ असं बजावलं. दोघंही बरोबर होते. क्लिपचं बंद टोक चेन जिकडे धावते तिकडे ठेवायचं असतं. वॉचमन चेनची वरची बाजू बघत होता, जी पुढे जाते, आणि फिटरकाका खालची, जी मागे येते. वाद दहाएक मिनिटं रंगला. माझ्या लॉकला क्लिपच नाही, हे मधे सांगायचा मी प्रयत्न केला, पण दोघांनीही हात वर करून मला थांबवलं.

लॉकच्या पाकिटात ग्रीसची पुडी आणि चार काळ्या रबरी रिंगा होत्या. “ही वायसरं कशाला?” असा प्रश्न आला. ती वायसरं नव्हेत. पिनेभोवतीचं ग्रीस आत कोंडून ठेवायला आणि धूळ बाहेर ठेवायला त्या रिंगा असतात. म्हणून तर अशी चेन पेट्रोलने धुवायची नाही, रबर खराब होतं. हे ऐकून फिटरकाकांचा चेहरा पडला. आयुष्यभर त्यांनी सगळं पेट्रोलनेच धुतलं होतं.

पट्टी दाबताना मात्र कुणी बोललं नाही. शेजारच्या कडीची रुंदी मोजायची आणि लॉकची रुंदी तिच्याइतकीच आणायची. जास्त दाबली तर रिंगा चेंगरतात आणि कडी आखडते. मी माझा ऑनलाइन मागवलेला डिजिटल कॅलिपर काढला. क्वालिटीकाकांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. मग वर गेले आणि आतून मखमल लावलेल्या लाकडी पेटीतून स्वतःचा व्हर्नियर घेऊन आले. मापं घेण्याआधी त्यांनी पिना पुसल्या, व्हर्नियर पुसला, चष्मा पुसला. माझे हात बघून ते काही बोलले नाहीत, फक्त फडकं पुढे केलं.

मग रिव्हेट. चेनच्या कागदावर फुललेल्या टोकाचा व्यास ५.५ ते ५.८ मिलिमीटर दिला होता. टूलचा बोल्ट पाव आटा फिरवायचा, सोडायचा, मोजायचं. पुन्हा थोडा फिरवायचा, सोडायचा, मोजायचं. हीट ट्रीटमेंटकाका दर वेळी ‘मटेरियल काय आहे?’ विचारत होते आणि दर वेळी कुणी उत्तर देत नव्हतं.

“पहिली पिन, ५.६,” क्वालिटीकाका म्हणाले. सगळे थांबले. “दुसरी, ५.७.”

“बसलं!” मी म्हणालो.

“सारखी नाहीत रे.”

“काका, दोन्ही टॉलरन्समध्ये आहेत.”

“आहेत. पण सारखी नाहीत.” त्यांनी पिनांवरून नख फिरवलं, बॅटरी लावून चीर शोधली, कडी बोटाने वाकवून ती शेजारच्यांसारखीच सैल हलते का ते पाहिलं. पाच अष्टमांश इंचाच्या त्या कडीकडे इतका वेळ तर तिच्या कंपनीनेही पाहिलं नसेल. शेवटी म्हणाले, “जाऊ दे, डेव्हिएशनवर पास करतो. पाचशे किलोमीटरनंतर परत दाखव.”

चेनचा सैलपणा बघून, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून मी ॲक्सलचा नट आवळला. हात धुवून आलो तर टूल जागेवर नव्हतं. स्टोअर्सकाका ते पुसून, तेल लावून, डब्यात ठेवत होते.

“असं उघड्यावर राहिलं तर गंजेल. माझ्याकडे राहू दे. लागेल तेव्हा सही करून न्यायचं.”

त्यांनी खरोखरच वही घातली आहे: तारीख, नाव, काम, परत केल्याची वेळ. बी विंगमधल्या दोन मुलांच्या गाड्यांचं काम त्या टूलवर झालं. परवा एका मित्रासाठी टूल हवं होतं म्हणून गेलो, तर काका म्हणाले, “इश्यू झालंय. गुरुवारी ये. आणि येताना मागची सही राहिलीय तुझी, ती कर.”