इमानाला जागून

वर्ध्याहून जरा खेड्यांकडे वळलं की 'विमान' या शब्दाचा 'व' गळून पडतो आणि उरतं ते इमान. "इमान चाललं," असं आजी आभाळाकडे हात करून म्हणायची. माणसांतलं इमान संपलं की ते असं पांढरी रेघ ओढत नागपूरकडे निघून जात असावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मोठेपणी ती फारशी बदलावी लागली नाही.

काका गेले आणि त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. काका पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरीला होते. तिथे ते नेमकं काय करत, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की "सरकारी" एवढंच म्हणायचे आणि मिशीवरून बोट फिरवायचे. त्या मौनावर आमच्या घराण्याने अख्खं युद्ध उभं केलं. एकाहत्तरच्या लढाईत काकांचा हात होता, असं आत्याच्या सासरीसुद्धा मानलं जाई, आणि ते लोक सहजासहजी काही मानणारे नव्हेत.

ट्रंकेत शंभरेक कृष्णधवल फोटो निघाले. बहुतेक विमानांचे. काका रजा काढून जीटीने दिल्ली गाठत आणि 8 ऑक्टोबरच्या, म्हणजे वायुसेना दिनाच्या, कसरती पाहून येत. काही फोटो नागपूरच्या सोनेगावचे होते. प्रत्येक फोटोच्या मागे काकांच्या सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिलेला : विमान. नसता लिहिला, तर मला ते तुळशीवृंदावन वाटलं असतं.

"कोनतं इमान कोनतं हाये ते शोध," काकू म्हणाली. "तसंबी तुले काही काम नाही."

मला निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

आपल्या हवाई दलाचं विमान ओळखणं तसं सोपं असतं. मागच्या अंगावर नंबर असतो आणि नंबराच्या आधीची अक्षरं जात सांगतात. बीए असेल तर हंटर, बीडी असेल तर मारुत, आयई असेल तर नॅट, नुसता सी असेल तर मिग-21. दोन अक्षरं दिसली की काम झालं. पण माणूस पूर्ण आला पाहिजे, विमान काय, येईल तेवढं येईल, हे काकांचं फोटोग्राफीचं तत्त्व. त्यामुळे शंभरातल्या ऐंशी फोटोंत त्या दोन अक्षरांवर कुणी ना कुणी पाठ टेकून उभं आहे. एका फोटोत फक्त अक्षरं झाकण्यासाठी दोन माणसं लागली आहेत.

मग मी पंखांवरच्या गोलाकडे वळलो. इंग्रजांच्या विमानांवर बाहेर निळा, मध्ये पांढरा, आत लाल असा गोल असे. आपल्या विमानांवर बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. कृष्णधवल फोटोत दोन्ही सारखेच : काळपट, पांढरं, काळपट. ज्यासाठी एवढा मोठा स्वातंत्र्यलढा झाला, ज्यासाठी आमच्या जिल्ह्यात आष्टीला माणसांनी गोळ्या झेलल्या, तो फरक कॅमेऱ्याला दिसतच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तर बर्मा आघाडीवरच्या विमानांवरून तांबडा रंगच काढून टाकला होता, का, तर जपान्यांच्या विमानावरही तांबडा गोळा. घाईत आपलंच माणूस आपल्यावर गोळी झाडायचं. म्हणजे जाणत्या सैनिकांचीही ही गत. मी तर बिचारा पाटबंधारे खात्यातला.

विमानाची चण पाहून ओळखायचं म्हटलं, तर त्यातही खाचाखोचा. मिग-21 च्या तोंडात शंकू असतो, ओठांत सुपारी धरल्यासारखा. 1963 साली आलेलं हे विमान थेट 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निवृत्त झालं, त्यामुळे ते आमच्या तीन पिढ्यांच्या ओळखीचं. पण सुखोई-7 च्याही तोंडात तशीच सुपारी. पंख पाहिले की कळतं : मिगचे त्रिकोणी, सुखोईचे मागे ओढलेले. काकांनी फोटो अर्थातच समोरून काढलाय, कारण समोर बुंदीचा पुडा हातात घेतलेले जोशीकाका उभे होते. नॅट मात्र मी लगेच ओळखलं. लांबी जेमतेम पावणेनऊ मीटर; शेजारी उभा राहिलेला कुणीही त्याचा मालक वाटतो. पासष्टच्या लढाईत या चिमुरड्याने सेबर विमानांना जेरीस आणलं होतं. मारुतचं नाक लांब आणि हवा घ्यायची तोंडं दोन्ही कुशींना. त्याचा आराखडा कुर्ट टँक या जर्मन माणसाचा. महायुद्धात हिटलरच्या हवाई दलासाठी फोक-वुल्फ 190 बनवणारा हा गृहस्थ पुढे बंगळूरला बसून आपल्यासाठी विमान बनवत होता आणि ते 1961 साली उडालं. हे मी मोठ्या उत्साहाने काकूला सांगितलं.

"मारुती?" ती म्हणाली. "आपली आठशे?"

एका फोटोवर माझे पाच दिवस गेले. 1982 साली हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात 'थंडरबोल्ट्स' हा नऊ हंटर विमानांचा कसरतींचा ताफा उभा राहिला होता. फोटोत मात्र मोजून दहा. मी भिंग घेतलं, गच्चीत गेलो, उन्हात पाहिलं. दहावं जरा वर, जरा वाकडं, शिस्त मोडून उडत होतं. सहाव्या दिवशी नातीने पाहिलं आणि म्हणाली, "आबा, ती घार आहे." घारीने आमच्या हवाई दलापेक्षा चांगलं वळण घेतलं होतं, एवढं मी नोंदवून ठेवतो.

सोनेगावच्या फोटोंनी मात्र घराण्याची फार हानी केली. बूड टेकून, नाक वर करून बसलेल्या ज्या विमानाला आम्ही आजवर बॉम्बफेकी समजत होतो, ते डाकोटा निघालं, आणि त्याच्या अंगावर व्हीटी ही अक्षरं होती, म्हणजे मुलकी. रात्रीची हवाई टपाल सेवा 1949 साली सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली अशी विमानं मध्यरात्री सोनेगावला भेटत, थैल्यांची अदलाबदल करत आणि आल्या वाटेने परत जात. नागपूरकरांना देशाच्या मध्यावर असल्याचा जो अभिमान असतो, त्यातला तेवढा भाग खरा आहे. आत्याच्या सासरी मी अजून हे कळवलेलं नाही.

आता एकच फोटो उरला होता आणि तोच घराण्याचा मुकुटमणी. काकूच्या बैठकीत गांधीजी आणि गजानन महाराज यांच्या शेजारी विमानात बसलेले काका आहेत. डोळ्याला काळा चष्मा, एक हात बाहेर काढून निरोप देणारा. गोल आहे, नंबर नाही, पंखाच्या मागचं सगळं चौकटीत कापलं गेलंय. चाकं दिसत नाहीत, त्यावरून विमान हवेत असावं असा माझा कयास होता. फोटो घेणारा त्या वेळी कुठे होता, या प्रश्नाला मी हात घातला नव्हता.

चौकटीला वाळवी लागली म्हणून सुतार बोलावला. त्याने फोटो बाहेर काढला, डोळ्यांजवळ नेला.

"भाऊ, हे तं पलायवूड हाये."

"काय?"

"हे पाहा ना, पदर सुटून राहिला. अन् हा खिळा."

मी अक्षरशः खुर्चीतून उडालो. लाकडी विमान! व्हॅम्पायर! 1948 साली आलेलं आपलं पहिलं जेट! त्याच्या धडाचा पुढचा भाग खरोखरच प्लायवूडचा असे, मध्ये बाल्सा लाकूड भरलेलं. महिनाभराच्या मेहनतीचं फळ हाती आलं होतं. सुताराला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तोही ताठ बसला.

"म्हंजे आमच्याच धंद्यातलं म्हना," तो फोटोकडे आदराने पाहत म्हणाला.

मी आत ओरडलो, "काकू, काका व्हॅम्पायरमध्ये बसलेत!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आली. "कायचं व्हॅम्पायर? गिरडची जत्रा हाये ते. आठ आने घेतले फोटोवाल्यानं. मी बाजूच्या मोटारीत बसली होती, तं माह्या फोटो मेल्यानं धुतलाच नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सुताराने टेप काढून चौकटीचं माप घेतलं.

"मंग बाई, लाकूड कोनतं लावू? साधं चालते?"

"सागवान लाव," काकू म्हणाली. "त्यायचं इमान हाये ते."