दोरीवरची खबर

जुलैत पाच दिवस एकच बनियन ओला राहिला, तेव्हा मी घरात कपडे वाळवायचं यंत्र आणायचा विषय काढला. आमच्याकडे जे ओलं असेल ते वाळत आणि जे खर्चिक असेल ते वाळीत, असा नियम आहे. मी थोडक्यात वाचलो.

बाबांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये गेली. त्यांनी वीजबिल उलटं केलं आणि पाठीवर गणित मांडलं. "पिळून निघालेल्या धुण्यात अडीच लिटर पाणी धर. लिटरभर पाण्याची वाफ करायला हीटर दोन-तृतीयांश युनिट तरी खाणार. नोव्हेंबर 2019पासून नळाला पाणी दिवसाआड, म्हणजे धुणं महिन्यात 15 वेळा. झाली 25 युनिटं. आपलं बिल नव्वदीत. शंभराच्या पुढं दर कुठं जातो ठाऊक आहे? बनियनपायी स्लॅब ओलांडायचा?"

मग हॉलमध्ये चार दोऱ्या बांधल्या. पाहुणे आले की लेंगे बाजूला सारत सोफ्यापर्यंत पोचतात. रात्री माणसांसाठी दोनवर फिरणारा पंखा बनियनसाठी पाचवर गेला. मी ही विसंगती दाखवली, तर बाबा शांतपणे म्हणाले, "75 वॅट, आठ तास, पॉइंट सहा युनिट. तरी स्वस्त." मशीन शॉपवाल्याशी वाद घालू नये.

अमेरिकेत म्हणे कित्येक वसाहतींत अंगणात कपडे दिसलेले चालत नाहीत. फ्लोरिडा, मेन, व्हरमाँट या राज्यांना तर दोरी बांधायचा हक्क चक्क कायद्यानं द्यावा लागला. आमच्या सोसायटीतही 'दर्शनी बाजूस कपडे वाळत घालू नयेत' अशी नोटीस लागली होती. पावसात ती भिजली. वॉचमननं ती गॅलरीतल्या दोरीला चिमट्यात अडकवली, दर्शनी बाजूसच.

पण आईचा दोरीतला रस विजेच्या पलीकडचा आहे. इथल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी समोरच्या विंगमध्ये युनिफॉर्म लटकतात आणि आईचं पेपरवाचन सुरू होतं. कोणाची नाइट शिफ्ट लागली, कोणी कंपनी बदलली, कोणाच्या घरी बाळंतिणीचे कपडे आले, सगळं तिला चष्म्याशिवाय दिसतं. बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन 2007 साली थांबलं, तेव्हा पेपरात कारणं आली होती. कोणाकोणाच्या दोरीवरून शर्ट गेला, हे मात्र आईला विचारायचं. त्या आठवड्यात तिनं डबे भरून पोहे कुठं कुठं पाठवले, तेही बाबांच्या गणितात कधी आलं नाही.

मध्यंतरी समोरच्या दोरीवर नेहमीच्या निळ्या शर्टाशेजारी कडक पांढरा शर्ट दिसला. आई गॅलरीतूनच ओरडली, "काय रे, सुपरवायझर झालास आणि पेढे नाहीत?"

"मी कुठला काकू," तो पडल्या आवाजात म्हणाला, "मेव्हणा आलाय. दोन दिवसांसाठी."

त्याला आता तीन गुरुवार झाले. आजच्या दोरीवर पांढरा शर्ट आहेच, शिवाय मेव्हण्याची लुंगी, त्याचा टॉवेल आणि एक नवी कोरी उशीची खोळ आहे. आईनं चिमटा तोंडात धरून ती नीट वाचली आणि मला म्हणाली, "मुक्काम वाढला."