कोनशिला तांब्याची हवी!

सोनगीरच्या किल्ल्याने फारुकी पाहिले, मोगल पाहिले, मराठे पाहिले आणि 1818 साली इंग्रजही पाहिले. ज्याच्या हाती किल्ला, त्याच्या हाती माळव्याचा रस्ता, असा तेव्हाचा सरळ हिशेब. आता किल्ला ढासळला आणि हिशेब टोलनाक्याकडे गेला. राजवटी बदलल्या, वसुली अखंड आहे. रेल्वे तेवढी कोणत्याच राजवटीत गावात आली नाही.

तशी ती जवळपास आली. 1900 साली चाळीसगावहून धुळ्यापर्यंत आली आणि तिथेच टेकली. उत्तरेला नरडाण्यावरून दुसरी गाडी सुरत–भुसावळ करते. सोनगीर बरोब्बर मधोमध. इंदूरला जायचे तर शिरपूर, पळासनेर, बिजासनचा घाट, सेंधवा. ज्याला गाडी लागते त्याने खिडकी धरावी.

पण प्रगती नाही असे कोण म्हणतो? 2018 च्या ऑगस्टमध्ये केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये आणि जेएनपीटी बंदर यांचा करार झाला. मनमाड–इंदूर रेल्वेमार्ग, 362 किलोमीटर, खर्च साडेआठ हजार कोटींच्या घरात. 16 फेब्रुवारी 2019 ला पंतप्रधानांनी धुळ्यात येऊन धुळे–नरडाणा टप्प्याची पायाभरणी केली. 2 सप्टेंबर 2024 ला मंत्रिमंडळ समितीने अख्ख्या मार्गाला मंजुरी दिली. आता लांबी 309 किलोमीटर आणि खर्च 18,036 कोटी. सहा वर्षांत अंतर 53 किलोमीटरने घटले, रक्कम दुपटीवर गेली. या मार्गावर धावून दाखवले ते खर्चाने, तेही एकही थांबा न घेता.

मंजुरीसोबतचे फायदे वाचून ऊर भरून येतो. मध्य प्रदेशातले भरडधान्य आणि महाराष्ट्रातला कांदा यांची थेट भेट होणार. पिथमपूरचे कारखाने बंदराशी बोलणार. वाचलेला धूर साडेपाच कोटी झाडे लावल्याइतका. सातपुड्यात इतकी झाडे उभी होणार म्हटल्यावर बिबट्यांनी समाधानाचा सुस्कारा सोडला असेल. धान्याचा विचार झाला, कांद्याचा झाला, कंटेनरचा झाला. धुळ्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी आणि इंदूरला नोकरी शोधणारा पोरगा यांना मात्र टनात मोजता येत नाही, ही त्यांचीच चूक.

चावडीवर कुणी अहिराणीत विचारतो, “गाडी कवय येई, भाऊ?” उत्तर तयार असते: “आकडा ई गया, गाडी बाकी शे.”

तेव्हा आमची एक नम्र सूचना. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. इथून पुढच्या सगळ्या कोनशिला दगडाच्या न करता आमच्या तांबटांकडून तांब्याच्या ठोकून घ्याव्यात. पाहुण्यांचे नाव आणि तारीख यांची जागा कोरी ठेवावी. कार्यक्रम ठरला की कोरायचे, दुसरा ठरला की घासून काढायचे. चिंच आम्ही पुरवू. रेल्वेमुळे गावाला रोजगार मिळेल, हे आश्वासन त्यामुळे रूळ पडण्याआधीच पुरे होईल.

कागदावर 2028-29 ही मुदत आहे आणि नवी स्थानके 30. मुदतीचे आम्ही विचारत नाही, ती वाढवायची सवय सर्वांनाच आहे. आमचा प्रश्न एवढाच: मालगाड्यांच्या त्या गर्दीत एखादी पॅसेंजर सोनगीरला दोन मिनिटे थांबेल का? हो म्हणायला 18,036 कोटी लागत नाहीत.